उजळ फेज

नऊ मे, शनिवार. काम : वाडीतल्या तिन्ही खांबांवरचे विजेचे डबे घासून ग्रीस लावणे.

असं मी कॅलेंडरात लिहिलं होतं. कामं मी कॅलेंडरातच लिहिते, डोळ्यांसमोर राहतात आणि टाळता येत नाहीत. आमची माडांची वाडी खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात आहे, मालवणपासून फार लांब नाही. इथे लोखंड टिकत नाही. स्क्रू दोन पावसाळे काढतो. तांब्यावर हिरवट थर चढतो, मग प्लग सैल बसतो, तापतो आणि वितळतो. म्हणून दर मे महिन्यात सगळे डबे उघडून पॉलिशपेपरने घासायचे.

नवरा बोटीवर असतो. तो पैसे पाठवतो, बाकीचं मी बघते. शेजाऱ्यांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. मी माडांखाली जागा सपाट केली, नळ दिला आणि विजेचे तीन खांब उभे केले. तिथे कॅम्पर गाड्या येऊन राहतात. गावात त्यांना ‘घराची गाडी’ म्हणतात. आत बिछाना, फ्रिज, एसी, बॅटऱ्या, सगळं असतं. खांबाला वायर लावली की घर चालू.

खांब काकांनी उभे केले. काका म्हणजे गावचे वायरमन. माझे नात्याने कोणी नव्हेत, पण सगळा किनारा त्यांना काकाच म्हणतो. सत्तरीला आलेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं.

पहिल्याच वर्षी एका पाहुण्याचा चार्जर जळला, तेव्हा काकांनी मला बसवून समजावलं होतं. गावची लाइन दिवसभर वरखाली होते. घरातला पंखा ते सोसतो, गाडीतली यंत्रं सोसत नाहीत. म्हणून त्यांनी मागच्या पडवीत एक कट-ऑफ बसवला. लाइट फार उतरली किंवा फार चढली, की तो आपणहून तोडतो आणि ठीक झाली की जोडतो. त्याच्या आधी एक मोठा खटका. तीन फेजांपैकी कुठलाही एक निवडायचा. तो त्यांनी तळेऱ्याच्या एका बंद पडलेल्या काजू कारखान्यातून आणला होता. कट-ऑफच्या बगलेला बायपासचा छोटा खटका, कट-ऑफ दुरुस्तीला काढला तरच वापरायचा. तो कोणी चुकून ओढू नये म्हणून काकांनी काथ्याच्या दोरीने बांधून टाकला होता. गाठ होडी बांधतात ती. आणि मोठ्या खटक्याच्या लगेच पुढे, कट-ऑफच्या आधी, साठचा एक उघडा बल्ब.

“ह्यो बल्ब कित्याक, काकानू? डब्यार आकडो दिसता मा.”

“तुका आकडो वाचूचो कंटाळो येता म्हणान. बल्ब लाल दिसलो तर गप रव. पिवळो दिसलो तर आपला काम कर. पांढरो दिसलो तर सगळा बंद कर आणि माका फोन कर. खटक्याक हात लावू नको.”

त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघंच घासत होतो. पहिला डबा लावताना स्क्रू त्यांच्या हातून दोनदा भोकाच्या बाजूला टेकला.

“काकानू, भोक हकडे आसा.”

“भोक दिसता गो. तूच दिसणस नाय, इतकी बारीक झालंस.”

मी काही बारीक नाही. दोघंही हसलो. मग त्यांनी विषय काढला. आमच्या शेजारणीने तिच्या खोल्यांवर नवा मजला चढवला होता, आणि त्याची सगळी वायरिंग काकांना मिळणार होती. दुपारी ते मालवणात सामान बघायला जाणार होते.

“ह्या एक काम झाला काय पुरे. मगे दुसरो डोळो करतंय आणि घरात बसतंय.”

“ती माका विचारी होती,” मी म्हटलं. “काकांका दिसता काय म्हणान.”

त्यांनी पॉलिशपेपर थांबवला. “मगे काय सांगितलंस?”

“दिसता म्हणान सांगितलंय.”

“बरा केलंस,” म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले. त्यांच्या डोळ्यांबद्दल किनाऱ्यावर वर्षभर कुजबुज होती. शेजारीण चार ठिकाणी विचारून शेवटी माझ्या शब्दावर थांबली होती, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही.

दोन डबे झाले, पडवीतला कट-ऑफचाही काकांनी उघडून घासला. तिसऱ्या खांबाला गाडी लावलेली होती, म्हणून तो राहिला.

गाडी पुण्याच्या एका जोडप्याची. गोव्याहून बांद्यावरून वर आले होते. भाड्याचं घर सोडून वर्षभर गाडीतच राहायचं ठरवलेलं. तो कॉम्प्युटरवर काम करायचा, ती स्वयंपाक करायची आणि फोटो काढायची. आल्या दिवशीच त्याने मला विजेबद्दल विचारलं होतं. माणूस जाणकार होता. त्याच्याकडे स्वतःचं संरक्षणाचं यंत्रही होतं, खांब आणि गाडी यांच्यामध्ये लावायचं. पण आमच्या लाइनवर ते तासातासाला बंद पडायला लागलं. मी त्याला फाटकावरचा माझा बोर्ड दाखवला. ‘कॅम्परसाठी सुरक्षित वीज.’ मीच रंगवलेला.

“तुमचं आहे म्हणता, तर माझं कशाला मध्ये?” म्हणाला आणि त्याने ते यंत्र काढून डिकीत टाकलं. मी मान डोलावली.

संध्याकाळी साडेसहाला पडवीतला बल्ब लाल झाला आणि कट-ऑफने लाइन तोडली. त्या वेळेला किनाऱ्यावरच्या सगळ्या खोल्यांचे एसी एकदम सुरू होतात, त्यामुळे नवल नव्हतं. पण एरवी दहा मिनिटांत परत येते, त्या दिवशी येईना. मी काकांना फोन केला.

“काकानू, खंय आसात?”

“बाजारात. माका येवक अर्धो तास लागतलो. बल्ब कसो आसा?”

“लाल.”

“मगे रवांदे तसोच. खटको फिरवू नको. आज लाइन बरी वाटणा नाय माका.”

फोन ठेवला तर पुण्याचा माणूस पडवीच्या पायरीशी उभा. टी-शर्ट घामाने भिजलेला.

“मॅडम, तुमच्या बोर्डावर सुरक्षित वीज लिहिलंय. आधी वीज तरी द्या, सुरक्षित मग करू.”

“अर्धा तास. वायरमन येतोय.”

“कोण, सकाळचे ते आजोबा? त्यांना खांब सापडेपर्यंत सकाळ व्हायची.”

मी हसले. काकांनी सकाळी केलेल्या विनोदावर हसले होते, तशीच. तो गाडीकडे परत गेला. जाताना बायकोला मोठ्याने म्हणाला, “रूम घेतली असती तर बरं झालं असतं, शेजारी दिवे आहेत बघ.” शेजारणीकडे खरंच दिवे होते. तिचं घर दुसऱ्या फेजवर आहे, म्हणून असतील असं मी धरलं.

मी मोठा खटका एकवरून दोनवर फिरवला.

बल्ब असा पेटला की पडवीत कोपऱ्यातल्या केरसुणीची सावली भिंतीवर पडली. मला बरं वाटलं. इथे सगळ्यांनाच वाटतं. संध्याकाळचा विझल्यासारखा बल्ब बघत ज्यांची वर्षं गेली, त्यांना उजळ बल्ब म्हणजे चांगली लाइट. किनाऱ्यावरच्या घराघरात दिवेलागणीला बाया खटका फिरवून उजळ फेज शोधतात आणि सापडली की एकमेकींना ओरडून सांगतात. मी तशीच वाढले. काकांनी पांढऱ्या बल्बाबद्दल जे सांगितलं होतं ते मी विसरले नव्हते. ते म्हाताऱ्याचं नको इतकं जपणं, असं मी धरून चालले होते.

कट-ऑफ जोडेना. त्याच्यावर आकडा होता तीनशे अठरा. दोनशेतीसच्या आसपास असावा लागतो. मी तो वाचला. वाचता आला नाही असं म्हणणार नाही. मला वाटलं, डबाच बिघडलाय. सकाळी काकांनी उघडला होता, एका डोळ्याने काहीतरी उलटंसुलटं लावलं असणार. पायरीवर नारळाचा कोयता होता. त्याने मी काथ्याची दोरी कापली आणि बायपास ओढला.

गाडीतला एसी घरघरला. “थँक यू!” असा आवाज आला.

पाच मिनिटं गेली असतील. बल्ब फुटला. काच माझ्या पायाशी पडली. त्याच क्षणी गाडीतून एक लांबट कण्हल्यासारखा आवाज, मग फटफट दोनदा, आणि त्या बाईची किंकाळी. जळक्या प्लास्टिकचा वास वाऱ्यावर पडवीपर्यंत आला.

मी आधी काय केलं ते सांगते. मी बायपास परत ढकलला. मोठा खटका एकवर आणला. मग धावले.

कोणाला इजा झाली नव्हती. माणसं बाहेर आली होती. आत बॅटऱ्यांचा चार्जर काळा पडला होता, इन्व्हर्टरमधून धूर येत होता, एसी आणि फ्रिज गेले होते. थोडक्यात, त्यांचं घर बंद पडलं होतं. ती बाई फ्रिजचं दार उघडून आतली सुरमई बघत उभी होती.  

काका स्कूटरवरून आले तेव्हा शेजारीणही कुंपणापाशी आलेली, तिचे दोन पाहुणेही. काका सरळ पडवीत गेले. मी मागून गेले. त्यांनी टॉर्च लावून फुटलेला बल्ब बघितला. खटका बघितला, एकवर होता. कट-ऑफ बघितला. मग वाकले आणि जमिनीवरून काथ्याचा तुकडा उचलला. गाठ तशीच होती, बाजूला कोयत्याचा सरळ काप. तो त्यांनी चांगल्या डोळ्याजवळ धरला आणि खिशात टाकला.

पुण्याचा माणूस पायरीवर आला. “हे वायरिंग कोणी केलं?”

“ह्यांनी,” मी म्हटलं.

काका माझ्याकडे वळले आणि हळू म्हणाले, “गो बाय, तू सांगतलंस की मी सांगू?”

त्या माणसाला ते कळलं नसावं. मी शुद्ध मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. “काय चुकलं ते तुम्हीच सांगा ना काका. सकाळी डबे तुम्हीच उघडले होते.” आणि लगेच पुढे म्हटलं, “हल्ली त्यांना नीट दिसत नाही. सकाळी स्क्रूसुद्धा सापडत नव्हता.”

कुंपणापलीकडे शेजारणीने हे ऐकलं. मी तिच्याकडे बघूनच बोलले होते.

काकांनी टोपी काढली. सरकारी कचेरीत बोलतात तसल्या मराठीत म्हणाले, “साहेब, माझी चूक झाली आहे.”

ते का म्हणाले, मला माहीत नाही. खिशातला तुकडा बाहेर काढला असता तर मला बोलायला जागा नव्हती.

“भरपाई मागून तुमच्याकडून काय मिळणार?” तो माणूस म्हणाला. “पण कोणाच्या हातचं हे लोकांना कळायला पाहिजे. इकडे बघा.” त्याने मोबाइल वर केला.

“जाऊ दे ना,” त्याची बायको म्हणाली. “म्हातारे आहेत.”

“म्हातारे आहेत म्हणूनच.”

काका जळलेल्या बल्बाच्या होल्डरखाली उभे राहिले, टोपी हातात. फ्लॅश पडला तेव्हा त्यांनी ऑपरेशन न झालेला डोळा मिटला. तो फोटो कॅम्परवाल्यांच्या ग्रुपवर गेला. खाली काय लिहिलं ते त्याने मला वाचून दाखवलं. ते इथे देत नाही.

काका गेले. टेस्टर पडवीच्या कठड्यावर विसरले. चाळीस वर्षांत त्यांनी टेस्टर कुठे विसरल्याचं मी ऐकलं नव्हतं.

अर्ध्या तासाने शेजारणीचा फोन. “कुडाळच्या त्या नव्या पोराचो नंबर आसा गो तुझ्याकडे? वरच्या मजल्याचा काम तेका देतंय. काकांका तूच सांग बाय, माका सांगूक जमाचा नाय.”

मी नंबर दिला. काकांना काही सांगितलं नाही. सांगायला लागणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला लाइनमन आला. रस्त्याच्या वळणावरच्या खांबावर चढला आणि वरूनच ओरडला, “न्यूट्रल सुटलो हा! गंजान खाल्लो पुरो!” खाली आल्यावर त्याने सांगितलं ते असं : न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तिन्ही फेजांचा दाब सारखा धरून ठेवतो. तो सुटला की ज्या फेजवर जास्त ओझं ती मरते आणि जिच्यावर कमी ती चढते. वरच्या वाडीतले दोन टीव्ही आणि एक फ्रिज गेला होता. ज्याने ज्याने काल संध्याकाळी उजळ फेज शोधली, त्याचं गेलं. शेजारणीचं वाचलं, कारण तिच्या घरातही काकांनीच कट-ऑफ बसवला होता. काल तिच्याकडे दिवे होते ते इन्व्हर्टरवरचे.

“तुमच्याकडे कट-ऑफ आसा मा?” लाइनमनने विचारलं. “मगे गाडी कशी जळली?”

मी म्हटलं, बघते. आणि टेस्टर घेऊन काकांच्या घरी गेले.

त्यांची बायको अंगण सारवत होती. उठली नाही. हात शेणात तसाच ठेवून म्हणाली, “काल चार माणसांत तेंका आंधळो केलंस. आज काय बघूक इलंस, काठी घेतली काय ती?”

काका ओटीवरून बोलले. “कोण, ती? टेस्टर हाडल्यान काय?”

“हाडलंय,” मी म्हटलं. “काकानू, वांगडा चला. लाइन जोडूची आसा. माका तारो कळणत नाय.”

“माका दिसणा नाय मा.” रागाने म्हणाले नाहीत. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं. मग म्हणाले, “बायपासाक दुसरी दोरी बांधलंस?”

“नाय.”

“मगे आधी ती बांध. दुसरी गाडी येतली. माझी गाठ तुका येवची नाय, साधी मार.”

मी टेस्टर पायरीवर ठेवला. त्याला कोणी हात लावला नाही. परत निघाले.

वाडीत पुण्याची गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवत होते. ती बाई ट्रकच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. तो पट्टे आवळून घेत होता.

“खटका मी फिरवला होता,” मी म्हटलं. “कट-ऑफने लाइन तोडली होती. दोनदा. बायपास मी ओढला. काकांनी तो बांधून ठेवला होता, मी दोरी कापली. त्यांची चूक नव्हती.”

तो पट्टा सोडून उभा राहिला. “आणि काल?”

“काल खोटं बोलले.”

“त्यांचा फोटो चार राज्यांत फिरलाय, मॅडम.”

“माझा टाका मग.” मी तिसऱ्या खांबापाशी जाऊन उभी राहिले.

त्याने काढला. दोनदा काढला, पहिल्यात माझा हात तोंडावर आला होता. टाकला की नाही, मला माहीत नाही. मी त्या ग्रुपवर नाही. ट्रक फाटकातून बाहेर पडताना बोर्डाला थोडा घासला. तो बोर्ड मी स्क्रू काढून उतरवला आणि विहिरीच्या कठड्यामागे उलटा ठेवला.

मग शेजारणीकडे गेले. ती नव्या मजल्याच्या जिन्यात होती. तिलाही तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. तिने ऐकून घेतलं.

“माका रात्रीच वाटला होता,” म्हणाली. “काकांचो डबो असो फसाचो नाय.”

“मगे काम तेंकाच दी.”

“आता कसा? पोर कुडाळसून निघालो हा. आगाऊ दिलंय.” तिने माझ्याकडे बघितलं. “आणि दिसणा नाय ह्या तू सांगितलंस ता काय खोटा नाय मा?”

 स्क्रू खरंच दोनदा बाजूला टेकला होता.

वरच्या रस्त्यावरून मोटरसायकलचा आवाज आला, कुडाळचा पोरगा पोचला होता. मी परत आले. काथ्या घेतला, बायपासला साधी गाठ मारली, दोनदा. मग पॉलिशपेपर आणि ग्रीसचा डबा काढला. तिसरा खांब आता मोकळा होता. त्याचा डबा घासायला घेतला.